उंबरठा काढलेलं दार

कालिपा वृद्धाश्रमात फरशी पुसायला लागली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. आता ती छप्पन्नची आहे आणि अजूनही फरशीच पुसते. फक्त फरशीच्या मागोमाग इतकी बाकीची कामं तिच्याकडे चालत आली आहेत की तुझं नेमकं काम काय, असं विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. माम्बेत आबांना कपात आधी दूध लागतं, चहा मागून. क्लावदिया पेत्रोव्नांना उशी उभी लागते, नाहीतर रात्रभर खोकतात. कुणाचा कुठला पाय आधी मोज्यात जातो, हेही तिला ठाऊक. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

वृद्धाश्रम इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर, जर्दाळूच्या बागांच्या मागे आहे. पुढची इमारत चालत्याफिरत्या माणसांची, मागची अंथरुणाला खिळलेल्यांची. दोन्हींच्या मधे अंगण, बटाट्यांचा तुकडा आणि गोठा. पुढून मागे गेलेलं माणूस परत पुढे आलेलं कालिपाने तेवीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्या हातून एक चूक झाली होती. एसेनबाय नावाचे एक निवृत्त ट्रॅक्टरचालक होते. जाड कोटाची पाच बटणं लावायला त्यांना दहा-बारा मिनिटं लागत. जीभ दातांत धरून एकेक बटण लावायचे आणि मग काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचे. कालिपाला घाई असायची. जेवणाच्या आधी ओली फरशी वाळायला हवी आणि हे दारात उभे. तिने एक दिवस पटापट बटणं लावून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. "बरं झालं, पोरी," म्हणायचे ते. महिन्याभराने ती तीन दिवस रजेवर गेली. परत आली तर एसेनबाय खाटेवर बसले होते, कोट अंगात, पुढून उघडा. बटणांकडे असे बघत होते, जशी ती दुसऱ्या कुणाच्या कोटाची आहेत. तीन दिवस ते फाटकापर्यंत गेले नव्हते. बोटं जे विसरली ते विसरलीच.

कुणी तिला काही बोललं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण तेव्हापासून कालिपाने एक सवय लावून घेतली. कुणी म्हातारं माणूस काही करायला धडपडत असलं आणि तिचे हात शिवशिवायला लागले, की ती ते एप्रनच्या खिशात घालायची. नव्या आलेल्या मुली तिला आळशी समजत.

उलकान आपांच्या बाबतीत तिला हात खिशात ठेवणं फार कठीण जाई.

आपा म्हणजे आई. सगळा वृद्धाश्रम त्यांना आपाच म्हणायचा. वय एकोणऐंशी, उंची कालिपाच्या खांद्याएवढी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीस वर्षं त्यांनी सामुदायिक शेतावर गाई पिळल्या होत्या. वृद्धाश्रमाची एक गाय होती, तारगील, अंगावर पट्टे असलेली आणि स्वभावाने पक्की खडूस. बुरूल नावाची बाई तिला पिळायला बसायची, पण आपा गेल्याशिवाय तारगील पान्हा सोडत नसे. सकाळचा पहिला चहा झाला की आपा काठी घेऊन निघत. व्हरांडा, अंगणाचं दार, मग चाळीसेक पावलं गोठ्यापर्यंत. तिथे पालथ्या बादलीवर बसून गाईच्या तोंडाशी तोंड नेऊन तिला काहीबाही सांगत. मग दूध यायचं. सगळ्यांच्या चहातलं दूध त्या बोलण्याचं होतं, असं जापार म्हणायचा. जापार बॉयलर पेटवायचा आणि सुतारकामही करायचा.

जुलैत आपा अंगणाच्या दारात पडल्या. गुडघा सुजला, उतरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच दारात पुन्हा पडल्या आणि डावं मनगट मोडलं. जिल्ह्याहून डॉक्टर आले. तपासून त्यांनी लिहिलं, की चालताना पाय गरजेपेक्षा उंच उचलला जातो, पायाची नस कमजोर झाल्याचं लक्षण आहे, पुन्हा पडण्याचा धोका मोठा. शुक्रवारी येऊन शेवटची सही करतो म्हणाले. सही झाली की आपा मागच्या इमारतीत.

संचालिका दिनारा सादिकोव्नांनी सोमवारी कालिपाला बोलावलं. त्या चाळिशीच्या होत्या, कालिपाला एजे म्हणत, म्हणजे ताई.

"कालिपा एजे, आपांचं सामान हळूहळू आवरायला घ्या. त्यांचं गोठ्याकडे जाणंही आजपासून बंद."

"शुक्रवारपर्यंत थांबू या ना."

"शुक्रवारी काय वेगळं होणार आहे? मलाही बरं वाटत नाहीये. पण या वेळी मनगट होतं, पुढच्या वेळी खुबा असेल. खुबा मोडलेलं माणूस किती दिवस काढतं, ते तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय."

कालिपाने पाहिलं होतंच.

संध्याकाळी ती आपांच्या खोलीत गेली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. त्यांच्या खोलीत दुसरी खाट क्लावदिया पेत्रोव्नांची. त्या रशियन, पूर्वी टपाल कचेरीत होत्या. दोघी नऊ वर्षं एका खोलीत राहत होत्या आणि नऊ वर्षं भांडत होत्या.

"मागच्या इमारतीत खिडकी कुठल्या बाजूला आहे गं?" आपांनी विचारलं.

"रस्त्याच्या."

"म्हणजे गोठा दिसत नाही." त्यांनी मांडीवरची पट्टीतली मूठ दुसऱ्या हाताने झाकली. "तारगीलला कोण सांगणार?"

"गाईला काय सांगायचंय," क्लावदिया भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तूच घोड्यासारखे पाय उचलून चालतेस. चालायचंय की नाचायचंय ते एकदा ठरव."

"आणि तू बदकासारखी फरपटत जातेस."

"बदक कधी पडलेलं पाहिलंयस?"

आपा पट्टीची सुटलेली कडा आत खोचू लागल्या. एरवी त्यांनी सोडलं नसतं. क्लावदियांनीही मग तोंड वळवून एकदा पाहिलं आणि आपल्या डब्यातले दोन बोरसोक, पिठाचे तळलेले तुकडे, काढून आपांच्या उशाशी ठेवले. "खा. माझ्या दातांना लागतात," म्हणाल्या.

बुधवारी सकाळी कालिपा व्हरांडा पुसत होती. या व्हरांड्यात मे महिन्यापर्यंत प्रत्येक दाराला उंबरठा होता, चांगला वीतभर उंच. चाकाच्या खुर्च्या अडतात म्हणून मे महिन्यात मजूर येऊन सगळे उंबरठे काढून गेले आणि जमीन सपाट झाली. तेव्हा कालिपाच्या मनात आलं, की इतक्या वर्षांची सवय, म्हाताऱ्यांना दार कुठे सुरू होतं ते कळायला हवं. फाटकाच्या खांबांना लावून उरलेला पिवळा रंग तिने जापारकडून घेतला आणि अकराही दारांत, जिथे उंबरठा होता तिथे, हातभर रुंद पिवळा पट्टा ओढला. लांबूनही दिसेल असा. दिनारा सादिकोव्नांना ती कल्पना इतकी आवडली, की कालिपाचा फोटो सूचनाफलकावर लागला. तो अजून तिथेच होता.

पोछा जेवणघराच्या दारापाशी आला आणि तिचा हात थांबला. व्हरांड्याचा करडा रंग चार महिन्यांत जागोजाग उडाला होता. काठ्यांनी, चपलांनी, खाटा ओढून. पण पिवळा पट्टा नुकताच दिल्यासारखा चकचकीत होता. त्यावर फक्त चाकांच्या बारीक काळ्या रेघा आणि त्यांच्या मधे चप्पल घासल्याचा एक फिकट डाग.

ती गुडघ्यांवर बसली आणि बघत राहिली. रोज साठ-सत्तर माणसं तीन वेळा या दारातून जातात. चार महिने. आणि पट्ट्यावर कुणाचा पाय नाही?

न्याहारीची घंटा झाली. कालिपा बादली घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसली. माम्बेत आबा आले. खुरडत खुरडत आले, पट्ट्यापाशी थांबले, काठी रोवली आणि शेतातला पाट ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे ठेवला. क्षणभर त्यांचं सगळं अंग एका पायावर डुललं. त्यांच्यामागे दोघी बहिणी. दोघींनीही तसंच केलं. एकामागून एक, सगळ्यांनी तसंच केलं. मोजून बघितल्यासारखा पाय वर, मग पलीकडे. मग क्लावदिया पेत्रोव्ना आल्या. चाकांचा आधार ढकलत आल्या आणि जशा आल्या तशा, चपला घासत, पट्ट्यावरून सरळ आत गेल्या.

कालिपा उठली. बादली आत न्यायची होती. दारात तिचा उजवा पाय आपोआप उचलला गेला आणि पट्ट्याच्या पलीकडे पडला.

ती तिथेच उभी राहिली. उंबरठ्यावर पाय देऊ नये. हे तिला कुणी कधी शिकवलं ते तिला आठवत नव्हतं, चालायच्याही आधी शिकवलं असेल. घराचा उंबरठा तुडवणं म्हणजे घरधन्याची मान तुडवणं. तिने मे महिन्यात स्वतःच्या हाताने अकरा उंबरठे परत मांडले होते. जुन्या उंबरठ्याला निदान उंची होती, त्यावर काठी टेकता यायची. याला काहीच नव्हतं. मोतीबिंदूतून दिसणारा पिवळा पट्टा, त्यावरून उचललेला पाय, आणि धरायला नुसती हवा.

दुपारपर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नाही. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. डॉक्टरांच्या कागदावर पडण्याचं कारण म्हणून आपलं नाव लिहिलं गेलं तर काय होईल, हे तिने एकदा मनात पाहून घेतलं. नुसतं गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं, हेही पाहिलं. एसेनबायांच्या बटणांच्या वेळीही कुणाला कळलं नव्हतं.

चहाच्या वेळी ती आपांसमोर स्टुलावर जाऊन बसली.

"आपा, अंगणाच्या दारात तुम्ही पाय उंच का उचलता?"

"उंबरठा नाही का तिथे?"

"उंबरठा मे महिन्यात काढला, आपा. तो नुसता रंग आहे. मी ओढलेला."

आपांनी धुरकट डोळे तिच्याकडे वळवले. "मला वाटलं, परत बसवला. उंबरठ्याशिवाय घर कसलं, बरं झालं म्हटलं, कुणालातरी अक्कल आली."

"पायाला लागला नाही, तेव्हा कळलं नाही?"

"लागेल कसा? मी काय उंबरठ्याला पाय लावते?"

पलीकडून क्लावदिया हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "नऊ वर्षं मी हिला सांगतेय, खाली बघून चाल."

"खाली बघूनच चालत होते गं बये. म्हणून तर पडले."

कालिपाला मात्र हसू येईना. "तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं," ती म्हणाली आणि एप्रनच्या टोकाने नाक पुसू लागली.

"रडतेस कशाला? गाई पिळताना माझ्या बरगड्या दोनदा मोडल्यात, त्या गाईंनी कुठे माफी मागितली." आपांनी उजव्या हाताने तिचा गुडघा थोपटला. "हे बघ, रंग तू पुसशील. पण पाय उचलायचा तो उचलणारच. दार आलं की उचलतो, माझ्या बापाच्या तंबूपासून उचलतोय. तेव्हा का पडत नव्हते, ठाऊक आहे? तंबूच्या दाराला चौकटीचं लाकूड असायचं. हात त्यावर, मग पाय. इथे हात घातला की नुसती गुळगुळीत भिंत. मला धरायला काहीतरी दे, बाकीचं मी बघते."

कालिपा थेट बॉयलरच्या खोलीत गेली. जापारने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"म्हणजे त्या फोटोखाली आता माझंही नाव लावा. रंग माझा होता."

"थट्टा नको. उद्यापर्यंत होईल?"

"एका दाराचं होईल. अकरा दारांचं व्हायला मला अकरा हात दे." तो कोपऱ्यातलं जर्दाळूचं एक वाळकं लाकूड उलटंपालटं करत होता. "उंची किती ठेवायची?"

"आपांना विचार. त्यांचा हात आहे."

आपांनी गुरुवारी सकाळी दारात उभं राहून स्वतः उंची ठरवली. जापारने हातभर लांबीची मूठ तासली, घासली. "फार गुळगुळीत करू नकोस, निसटेल," असं आपांनी दोनदा बजावलं. "आपा, पुढच्या जन्मी सुतार व्हा," तो म्हणाला. "तुझ्यासारखा होणार असेन तर नको," आपा म्हणाल्या. दुपारपर्यंत दाराच्या दोन्ही अंगांना, आतून आणि बाहेरून, मुठी बसल्या आणि तिथल्या पट्ट्यावर करडा रंग चढला. बाकीचे पट्टे कालिपाने मुद्दाम राहू दिले.

मग ती दिनारा सादिकोव्नांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्या तिच्याबरोबर जेवणघराच्या दारापर्यंत आल्या, खाली वाकून चकचकीत पिवळ्या रंगावरून बोट फिरवलं.

"चार महिने रोज इथून जातेय मी," त्या हळूच म्हणाल्या. मग सूचनाफलकाकडे वळून त्यांनी म्हटलं, "तुमच्या फोटोखाली सही माझी आहे, एजे. त्यामुळे एकट्याने घेऊ नका अंगावर. पण डॉक्टर काय म्हणतील, याचा शब्द मी देऊ शकत नाही."

शुक्रवारी डॉक्टर एर्मेक आले. तरुण होते, चष्मा होता, बोलणं मोजकं. त्यांनी पट्टा पाहिला, कालिपाचं ऐकून घेतलं.

"रंग उडाला नाही, हे खरं," ते म्हणाले. "पण त्यावरून नस चांगली आहे असं कसं म्हणता येईल? मी स्वतः पाहिलंय. इथल्या दवाखान्याच्या खोलीत येताना त्यांनी पाय जवळजवळ गुडघ्याएवढा उचलला होता."

"दवाखान्याच्या दारातही पट्टा आहे," कालिपा म्हणाली.

"असेल. निरोगी माणूस सपाट जमिनीवर असा पाय उचलत नाही." त्यांनी कागदांची पिशवी काखेत मारली. "चला, आपांना एकदा तपासतो."

ते जेवणघराच्या दारातून व्हरांड्यात निघाले. आपा बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. डोळे कामातून गेले होते, पण कान शाबूत होते. पावलांच्या आवाजात एका पावलाची जागा रिकामी गेली, ती त्यांना बरोबर ऐकू आली.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझ्या पायाची नस कधीपासून कमजोर आहे?"

डॉक्टर थांबले. मागे वळून त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. दिनारा सादिकोव्ना खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मागच्या इमारतीत माझ्या शेजारची खाट रिकामी असेल तर तुलाच घेऊन जाते," आपा म्हणाल्या. "आई रागावेल का?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते परत दारापाशी गेले आणि या वेळी ठरवून, पट्ट्यावर पाय ठेवायला म्हणून पाय पुढे केला. पाय मधेच घुटमळला. शेवटी टेकला, पण विस्तवावर टेकावा तसा, आणि लगेच उचललाही. "आजी सांगायची," ते कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटले.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि काम सुरू केलं. आपांच्या तळव्यांना सुई टोचून पाहिली, बोटं वाकवायला लावली, सपाट व्हरांड्यात वीस पावलं चालवून पाहिलं. पाय सरळ पडत होते. शेवटी ते म्हणाले, "आता अंगणाचं दार."

सगळे लांब उभे राहिले. आपांनी काठी पट्टीतल्या हाताच्या कोपराला अडकवली, उजवा हात भिंतीवरून सरकवत मूठ शोधली आणि घट्ट धरली. मग पाय उचलला. खाली पट्टा नव्हता, उंबरठा नव्हता, नुसती करडी जमीन होती. पाय तरी वीतभर उंच गेला, सावकाश पलीकडे टेकला. मग दुसरा. हात पलीकडच्या मुठीवर गेला. अंग डुललं नाही. पलीकडची मूठ सोडून काठी हातात घेतली आणि त्या पायरीवर उन्हात उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी बराच वेळ लिहिलं. कालिपाला वाचून दाखवलं. प्रत्येक दाराला दोन्हीकडे मुठी, पट्टे काढायचे, सपाता नको, टाचेला बांधलेले बूट हवेत, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचं, महिन्याने पुन्हा तपासणी. तोवर पुढच्या इमारतीतच राहू द्यावं. गोठ्यापर्यंत जाताना कुणीतरी मागे असावं.

"किती मागे?" कालिपाने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "हाक ऐकू येईल इतकं."

"आणि हात पोचणार नाही इतकं," आपा बाहेरून म्हणाल्या.

डॉक्टरांनी तेही लिहिलं.

शनिवारी सकाळी पहिला चहा झाला. बुरूल बादली घेऊन पुढे गेली होती. जापार जेवणघराच्या दारात दुसरी मूठ बसवत होता आणि क्लावदिया पेत्रोव्ना त्याला, तिरकी बसतेय, असं खुर्चीवरून सांगत होत्या. आपांचे बूट कालिपाने काढून समोर ठेवले. टाचेची नाडी बांधायला एका हाताने वेळ लागत होता. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. कालिपाने हात एप्रनच्या खिशात घातले आणि खिडकीतून जर्दाळूची झाडं मोजत राहिली. नाडी तिसऱ्यांदा बसली.

दारात आपांनी मूठ धरली, पाय उचलला, ओलांडला. कालिपा दहा पावलं मागे होती. बटाट्याच्या तुकड्यापाशी वाट थोडी उतरती आहे, तिथे काठी जराशी सरकली आणि कालिपाचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले. आपांनी काठी पुन्हा रोवली.

"तुझा श्वास ऐकू येतोय," मागे न बघता त्या म्हणाल्या. "आणखी लांब हो."

कालिपा दोन पावलं मागे सरली. गोठ्यातून तारगील हंबरली, पाच दिवसांचा राग काढल्यासारखी.

"आले गं, आले," आपा म्हणाल्या. "या लोकांनी अडवून ठेवलं होतं, सांगते सगळं."